गिटार झणझणतेय? पाना उचलण्याआधी १३८ सूर वाजवा

नाशिकची हवा वर्षातून तीनदा पालटते. एप्रिल-मेमध्ये कोरडी झळ, जूनपासून चार महिने ओल, आणि डिसेंबर-जानेवारीत अशी थंडी की शेजारच्या निफाडचा पारा बातम्यांत येतो. इलेक्ट्रिक गिटारची नेक, म्हणजे मान, लाकडाची असते. ती हवेतला ओलावा घेते, सोडते आणि त्यात केसभर हलली तरी तार फ्रेटला, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीला, घासायला लागते. ‘केसभर’ हे इथे शब्दशः घ्या. माणसाचा केस साधारण ०.०५ ते ०.१ मिमी जाड असतो आणि या लेखातला सगळा हिशेब त्याच मापात चालतो.

तानपुऱ्यात हीच झणझण मुद्दाम आणतात. रुंद घोडीच्या किंचित उतरत्या पाठीवर तार दर हेलकाव्याला हलकेच टेकते, तिच्याखाली सरकवलेला धागा ती जागा नेमकी करतो आणि जवारी लागते. गिटारमध्ये हेच नको त्या जागी घडतं: हेलकावणारी तार बोटाच्या पुढच्या एखाद्या फ्रेटला टेकते. हाच फ्रेट बझ. ‘पुढच्या’ म्हणजे ब्रिजच्या (बॉडीवर तारा टेकतात त्या भागाच्या) बाजूच्या. पाचव्या फ्रेटवर सूर झणझणला तर खोट सहाव्यात किंवा त्याच्याही पुढे असते, पाचव्यात नसते. नवशिके नेमके इथेच चुकतात आणि बिचाऱ्या पाचव्या फ्रेटला घासत बसतात.

हा खरंच फ्रेट बझ आहे का?

गिटार ॲम्पला जोडा, आवाज नेहमीचा ठेवा आणि वाजवा. बझ नुसत्या लाकडातून ऐकू येतो पण ॲम्पमधून येत नाही, आणि सूरही पुरेसा टिकतो, तर काहीही करू नका. ॲक्शन (फ्रेटपासून तारांची उंची) खाली ठेवलेल्या जवळपास प्रत्येक इलेक्ट्रिक गिटारमध्ये एवढी किरकिर असतेच.

तारांना हात लावला की थांबणारी सलग घूंऽऽ ही फ्रेटची तक्रार नाही. ती ५० हर्ट्झची वीज बोलतेय, तिथे अर्थिंग आणि केबल तपासा. काही सूर वाजले की कुठूनतरी खडखड येते, पण तार कुठेही दाबली तरी ती तशीच राहते, असं असेल तर सुटे भाग बघा: जॅकचा नट, ट्यूनिंग पेगच्या खालची वॉशर, ट्रस रॉडचं (नेकच्या आतल्या धातूच्या दांड्याचं) झाकण, पिकअपच्या (तारांखालच्या चुंबकी भागांच्या) स्प्रिंगा. एका हाताने सूर वाजवायचा आणि दुसऱ्या हाताचं बोट एकेका भागावर दाबून ठेवायचं. खडखड थांबली की चोर सापडला.

वाजवण्याची पद्धतही एकदा पाहून घ्या. बोट फ्रेटच्या लगेच मागे हवं. दोन फ्रेटच्या मधोमध हलकं दाबलं तर चांगल्या सेटअपची गिटारही झणझणते.

सामान

फार लागत नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी (हिचा शून्य अगदी कडेला असतो, प्लॅस्टिकच्या पट्टीला आधी रिकामी जागा सोडलेली असते, म्हणून ती नको), कॅपो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा), गिटारसोबत आलेले ॲलन की, मास्किंग टेप, ट्यूनर आणि चौकटीच्या वहीचं एक पान. फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्यांचा संच) असेल तर उत्तम. बाइकचे टॅपेट सेट करायला मेकॅनिक वापरतात तेच ते, सातपूर-अंबड या नाशिकच्या औद्योगिक भागांतल्या टूलच्या दुकानांत सहज मिळतं. नसलं तरी अडत नाही. त्याचा फुकटचा पर्याय पुढे येतो.

पायरी १: नव्या तारा, नेहमीचं ट्यूनिंग

गंजलेल्या, फ्रेटखाली चेपलेल्या तारांवर केलेलं कुठलंही माप खोटं. तुम्ही कायम वापरणार आहात त्याच जाडीचा नवा सेट चढवा, तारा हाताने हलक्या ताणून दोन-तीनदा ट्यून करा.

जाडी बदलली की नेकवरचा भारही बदलतो. ६४८ मिमी, म्हणजे साडेपंचवीस इंच स्केलच्या (नट ते ब्रिज तारेच्या लांबीच्या) गिटारवर १०-४६ चा सेट (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) सुमारे ४७ किलोंचा ताण देतो, ९-४२ चा सुमारे ३९ किलोंचा. दहाच्या तारांवर नीट चालणाऱ्या गिटारला नऊच्या तारा लावल्या की ट्रस रॉडच्या विरुद्ध ओढणारे आठ किलो कमी होतात, नेक मागे झुकते आणि बझ सुरू होतो. तारा बदलल्या त्याच दिवशी बझ आला असेल तर कारण बहुधा इतकंच असतं. अर्धा किंवा एक सूर खाली ट्यून करणाऱ्यांचंही तेच.

पायरी २: नकाशा काढा

हीच पायरी सगळे टाळतात आणि म्हणूनच अडकतात. कागदावर सहा आडव्या रेघा, तेवीस उभे रकाने: एक मोकळ्या तारेचा, बावीस फ्रेटचे. एकूण १३८ चौकोन. प्रत्येक सूर एकाच जोराने वाजवा. बझ आला तर फुली, सूर पूर्ण मेला तर ठिपका. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. गिटार मांडीवर आडवी न ठेवता वाजवताना धरता तशीच धरा, कारण पाठीवर झोपवलेल्या गिटारची नेक वजनाने किंचित हलते.

आता कागद वाचा.

फुल्या फक्त मोकळ्या तारेच्या रकान्यात असतील आणि पहिल्या फ्रेटवर दाबताच सूर स्वच्छ होत असेल, तर नटाची (नेकच्या वरच्या टोकाला तारा बसतात त्या खाचांच्या पट्टीची) खाच खोल गेली आहे. पहिल्या ते पाचव्या फ्रेटपर्यंत जवळपास सगळ्या तारांवर फुल्या आणि पुढे स्वच्छ, तर नेक फार सरळ झाली आहे किंवा उलटी वाकली आहे. सगळीकडे सारख्या विखुरलेल्या फुल्या म्हणजे सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) खाली बसलंय. बाराव्याच्या पुढेच फुल्या असतील तर दोन शक्यता: सॅडल खाली आहे, किंवा नेकला बाक जास्त होऊन तिचं पुढचं टोक चढण झालंय. आणि एखाद-दुसऱ्या ठिकाणी सलग तीन-चार फुल्या, मग अचानक स्वच्छ, असं दिसलं तर पहिला स्वच्छ वाजणारा फ्रेट उंच आहे. तिसरी तार ७, ८, ९ वर झणझणते आणि १० वर स्वच्छ, म्हणजे दहावा फ्रेट वर आलाय.

दोन दोष एकत्रही असतात. म्हणून पुढचा क्रम मोडू नका: आधी रिलीफ, मग सॅडल, मग नट, शेवटी फ्रेट.

पायरी ३: रिलीफ

तार हेलकावते तेव्हा तिचा फुगवटा मधे सर्वांत मोठा असतो. त्याला जागा मिळावी म्हणून नेकला पुढच्या बाजूला अगदी हलका बाक ठेवतात. हाच रिलीफ.

मोजायची रीत: पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा. नेक बॉडीला मिळते तिथे, म्हणजे सोळाव्या-सतराव्या फ्रेटच्या आसपास, सहावी, म्हणजे सर्वांत जाड, तार बोटाने दाबा. आता तार म्हणजे एक सरळ पट्टी झाली. सातव्या फ्रेटचा माथा आणि तारेची खालची बाजू यांत किती फट आहे ते बघा. ०.२ ते ०.२५ मिमी हवी.

फिलर गेज नसेल तर जुन्या तारांचे तुकडे काढा. १०-४६ सेटची पहिली तार ०.०१० इंच, म्हणजे ०.२५ मिमी जाड असते आणि दुसरी ०.०१३ इंच, म्हणजे ०.३३ मिमी. पहिल्या तारेचा तुकडा फटीतून सहाव्या तारेला न उचलता, जेमतेम घासत गेला आणि दुसऱ्या तारेचा तुकडा जाताना तार वर उचलली गेली, की रिलीफ बरोबर. अंबडच्या शॉपफ्लोअरवर काम करणाऱ्याला वेगळं सांगायला नको, हा गो-नो-गो गेजच झाला. तुकडा सरळ असू द्या, पेगवर गुंडाळलेला वाकडा भाग कापून टाका.

फट शून्य आहे, तार सातव्यावर टेकलीच आहे, तर ट्रस रॉड सैल करायचा. पाना जिथे घालता त्या टोकाकडे तोंड करून बघा: घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला तर रॉड आवळतो आणि नेक सरळ होते, उलट फिरवला तर सैल होतो आणि बाक वाढतो. बझसाठी बहुतेक वेळा उलटच फिरवावा लागतो.

एका वेळी फक्त एक अष्टमांश फेरा. मग पुन्हा ट्यून, पुन्हा माप. पाव फेऱ्याने काम झालं नाही तर त्या दिवशी थांबा, गिटार ट्यून करून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी मोजा, कारण लाकूड सावकाश जागेवर येतं. ॲलन की तंतोतंत बसणारा हवा. ४ मिमीच्या जागी इंचातला जवळपासचा पाना घातला की रॉडच्या नटाचे कोपरे झिजतात, आणि ते झिजले की पुढची दुरुस्ती महागात जाते. रॉड हलत नसेल, करकरत असेल किंवा फिरूनही नेकवर काही परिणाम दिसत नसेल, तर तिथेच हात आवरा. जोर लावून तुटलेला ट्रस रॉड काढायचा तर बहुतेकदा फिंगरबोर्ड (फ्रेट बसवलेली नेकवरची फळी) उखडावा लागतो.

आणखी एक. ट्रस रॉडने ॲक्शन खाली-वर होते हे खरं, पण म्हणून ॲक्शन ठरवायला तो वापरायचा नाही. त्याचं काम बाक ठरवणं. उंचीसाठी सॅडल आहेत.

पायरी ४: सॅडलची उंची

कॅपो काढा. बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या बाजूपर्यंत मोजा. सुरुवातीला सहाव्या तारेला २ मिमी आणि पहिल्या तारेला १.६ मिमी ठेवा, मधल्या तारा या दोन मापांच्या उतारावर. जाड तारेचा हेलकावा मोठा म्हणून तिला जास्त जागा. पट्टीवर नजर ठरत नसेल तर २ मिमी ड्रिल बिटची गुळगुळीत दांडी तारेखालून सरकवून बघा. तार न उचलता टेकत गेली की माप जुळलं.

स्ट्रॅटसारख्या (फेंडर स्ट्रॅटोकॅस्टर गिटारच्या धाटणीच्या) ब्रिजवर प्रत्येक सॅडलला दोन छोटे स्क्रू असतात. आशियात बनणाऱ्या बहुतेक गिटारमध्ये त्यांना १.५ मिमीचा ॲलन की लागतो. स्क्रू एम-३ मापाचा असेल तर एका पूर्ण फेऱ्यात सॅडल ०.५ मिमी चढतं. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मधे, म्हणून तिथे त्याच्या निम्मं, ०.२५ मिमी दिसतं. हा हिशेब डोक्यात असला की अंदाजपंचे फिरवणं थांबतं: बाराव्यावर ०.२ मिमी वाढवायचं आहे तर दोन्ही स्क्रू पाऊण फेऱ्याहून थोडे जास्त, आणि दोन्ही सारखे. एकच फिरवला तर सॅडल तिरकं बसतं आणि स्वतःच खडखडतं. टून-ओ-मॅटिक ब्रिजवर दोन टोकांच्या चाकांनी सगळा ब्रिज एकदम वर-खाली होतो, तिथे एकेका तारेचा प्रश्नच नाही.

फिंगरबोर्ड सपाट नसतो, त्याला गोलाई असते, म्हणून मधली सॅडल कडेच्यांपेक्षा उंच हवीत. सगळी एका रेषेत आणली की तिसऱ्या-चौथ्या तारेला हमखास बझ येतो.

तरंगता ट्रेमोलो (स्प्रिंगांवर हलणारा ब्रिज) असेल तर कामाआधी त्याच्या मागे कापडाची घडी किंवा लाकडी चीप घालून तो अडवून ठेवा. नाहीतर एक तार सैल केली की ब्रिज मागे बसतो, बाकीच्या तारा खाली येतात आणि तुम्ही नसलेल्या दोषाच्या मागे लागता.

उंची बदलली की स्वरमेळ तपासा. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसत्या स्पर्शाने काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर एकच दिसायला हवेत. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल नेकपासून लांब सरकवा.

पायरी ५: नट

तिसऱ्या फ्रेटच्या लगेच मागे तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा. तिथे केसाएवढी फट हवी. नखाने तार टिचकली की बारीक ‘टिक’ ऐकू येते. फट अजिबात नसेल, ‘टिक’ही येत नसेल आणि मोकळी तार झणझणत असेल, तर खाच खोल आहे.

खरा उपाय हाडाचा नवा नट. तोवर चालेल अशी डागडुजी घरी होते. ती तार बाजूला काढा, नटाच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा. खाचेत चिमूटभर कोरडा खाण्याचा सोडा भरा, टाचणीच्या टोकाने दाबा आणि वर फेविक्विकचा एकच थेंब. क्षणात दगडासारखं घट्ट होतं, वाफ निघते, म्हणून तोंड लांब ठेवा आणि खिडकी उघडी. सोडाच हवा. बेकिंग पावडर किंवा इनो चालत नाही, त्यांत आम्ल असतं. मग सराफांकडे असते तसली बारीक सुईकानस किंवा त्याच जाडीच्या जुन्या तारेचा तुकडा वापरून खाच नव्याने उतरवा. खाचेचा उतार पेगच्या बाजूला हवा, तारेचा शेवटचा टेकू फिंगरबोर्डाकडच्या काठावर. उतार उलटा झाला तर मोकळ्या तारेला सतारीसारखा आवाज येतो आणि सगळं पुन्हा भरावं लागतं. दोन-तीन घासे, तार चढवून बघा, पुन्हा दोन घासे. घाई केलीत तर पुन्हा सोडा.

पायरी ६: उंच फ्रेट

इथवर येऊनही नकाशावर एखादी फुली उरली असेल तरच फ्रेटकडे वळायचं. तीन फ्रेटवर सरळ कडेची पट्टी ठेवा. मधला फ्रेट उंच असेल तर पट्टी टिकटिक डुलते. पट्टी एका वेळी तीनच फ्रेटवर टेकायला हवी, म्हणून चार लांब्या लागतात. ६४८ मिमी स्केलवर पहिला ते तिसरा फ्रेट सुमारे ६७ मिमी आहे, बारावा ते चौदावा ३५, विसावा ते बाविसावा जेमतेम २२. म्हणून ७०, ४५, ३५ आणि २५ मिमी. जुन्या एटीएम कार्डाची कड अंदाजापुरती चालते, पण सरफेस ग्राइंडर असलेल्या वर्कशॉपात ओळख असेल तर तीन मिमी जाड पट्टीच्या तुकड्याच्या चारही कडा वेगवेगळ्या लांबीच्या घासून घ्या, जन्मभर पुरतील.

डुलणारा फ्रेट सापडला की आधी त्याचं टोक नखाने दाबा. तो खाली जाऊन परत वर येत असेल तर घासू नका, तो सुटलाय. नेकच्या पाठीखाली वाळूची छोटी पिशवी ठेवा, फ्रेटवर कठीण लाकडाचा ठोकळा धरून हलके ठोके द्या. बसला की फटीत पातळ सुपरग्लूचा थेंब सोडा आणि क्लॅम्प लावून तासभर ठेवा. सांडलेला ग्लू लगेच पुसायला कापड हातात असू द्या. शिसवी बोर्ड असेल तर त्याला आधी टेप लावा.

घट्ट बसलेला तरी उंच असेल तर बोर्डावर टेप, फ्रेटच्या माथ्यावर मार्करची रेघ, आणि बारीक कानशीने फक्त त्याच जागी हलका हात. पट्टी डुलायची थांबली की थांबा. माथा सपाट झालेला असतो, त्याला कडांनी पुन्हा गोल करा, नाहीतर सूर बसका येतो. मग ६००, १०००, १५०० नंबरचा पॉलिश पेपर, शेवटी ०००० स्टील वूल. त्याआधी पिकअप टेपने पूर्ण झाकाच. लोखंडाचा भुगा चुंबकाला चिकटला की निघता निघत नाही.

एका-दोन फ्रेटपर्यंत हे घरी करावं. पाच-सहा फ्रेट उंच-सखल असतील, किंवा पहिल्या तीन फ्रेटवर तारांचे खड्डे पडले असतील, तर कारागिराकडे द्या आणि नेताना एकच प्रश्न विचारा: लेव्हल केल्यावर क्राउन करून (माथे पुन्हा गोल करून) देणार का? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे जा.

मान्सूनचं गणित

नकाशाचा कागद फेकू नका, मागे तारीख आणि रिलीफचं माप लिहून ठेवा. जुलैच्या मध्यात, डिसेंबरात आणि मार्चअखेर पुन्हा मोजा. ओल वाढली की नेक कुठल्या बाजूला झुकेल हे लाकडावर आणि जोडणीवर अवलंबून असतं, दोन सारख्या दिसणाऱ्या गिटारही वेगळ्या वागतात. दुसऱ्याच्या गिटारवर जुलैत पाव फेरा सैल केला म्हणून तुमच्याही तसाच करू नका. वर्षभरात तुमच्या गिटारची चाल कळते, आणि पुढच्या वर्षी अष्टमांश फेऱ्यात काम भागतं.

खोलीतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असेल तर नेक कमीत कमी हलते. पावसात पाझरणाऱ्या भिंतीवर गिटार टांगू नका, केसमध्ये सिलिका जेलच्या पिशव्या टाका आणि महिन्याने वाळवा. एप्रिलमध्ये डेझर्ट कूलरच्या झोतात स्टँड ठेवू नका: दिवसभर ओली हवा, रात्री कूलर बंद झाला की कोरडी, असा रोजचा हेलकावा नेकला नको. कोरड्या दिवसांत फ्रेटची टोकं तळहाताला टोचायला लागली तर ती बाहेर आलेली नसतात, बोर्ड आकसलेला असतो. ती लगेच घासू नका. पाऊस सुरू झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा हात फिरवून बघा, तरीही टोचत असतील तरच कानस काढा.